विश्लेषण : विक्रम दोन पावलांवर असताना निवृत्ती, मग दहा वर्षांची प्रतीक्षा... बेसबॉलपटू बिली वॅग्नरची कारकीर्द काय सांगते?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये डावखुऱ्या पिचरने केलेल्या सर्वाधिक ‘सेव्ह’चा विक्रम ४२४ चा आहे. तो जॉन फ्रँकोच्या नावावर आहे. दुसऱ्या क्रमांकावर आहे बिली वॅग्नर आणि त्याचा आकडा आहे ४२२. म्हणजे फक्त दोन कमी. २०१० मध्ये वॅग्नर निवृत्त झाला तेव्हा तो ३९ वर्षांचा होता. त्याच हंगामात त्याने ३७ सेव्ह केले होते. आणखी एक हंगाम खेळला असता तर पहिल्या पंधरवड्यातच विक्रम मोडण्याची शक्यता होती. तरीही तो थांबला.

या निर्णयाची किंमत त्याला पुढे मोजावी लागली. ‘हॉल ऑफ फेम’, म्हणजे बेसबॉलमधील सर्वोच्च सन्मान, मिळायला त्याला तब्बल दहा मतदान फेऱ्या लागल्या. नियमानुसार ती त्याची शेवटची संधी होती. जानेवारी २०२५ मध्ये निवड झाल्याचा फोन आला तेव्हा ढसाढसा रडणाऱ्या वॅग्नरचा व्हिडिओ समाजमाध्यमांवर जगभर पाहिला गेला. पण १५ वर्षांपूर्वी खेळणं सोडलेल्या माणसाचे आकडे २०१६ ते २०२५ दरम्यान बदलले नव्हते. मग बदललं काय? आणि कमी वेळ काम करणाऱ्या तज्ज्ञ खेळाडूची किंमत ठरवायची कशी?

रिलीफ पिचर म्हणजे कोण?

बेसबॉलचा सामना साधारणपणे नऊ इनिंगचा असतो. प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात आणि तीन फलंदाज बाद झाले की त्या संघाची पाळी संपते. चेंडू टाकणारा तो पिचर. सामन्याची सुरुवात करणाऱ्या पिचरला ‘स्टार्टर’ म्हणतात. तो पाच-सहा इनिंग टाकतो आणि दमला किंवा धावा देऊ लागला की बाहेर जातो. त्याच्या जागी येतो तो ‘रिलीफ पिचर’ किंवा ‘रिलीव्हर’.

रिलीव्हरमध्येही एक खास जागा असते, ‘क्लोजर’ची. संघ थोडक्या फरकाने पुढे आहे, शेवटची इनिंग उरली आहे आणि तीन फलंदाज बाद करून सामना खिशात घालायचा आहे, अशा वेळी क्लोजर मैदानात उतरतो. आघाडी टिकवून त्याने सामना संपवला की त्याच्या नावावर एक ‘सेव्ह’ जमा होतो. ढोबळमानाने सांगायचं तर आघाडी तीन धावांपर्यंतची असावी आणि त्याने किमान एक पूर्ण इनिंग टाकलेली असावी. १९६९ पासून ही अधिकृत आकडेवारी मोजली जाते.

क्रिकेटच्या भाषेत हा डेथ ओव्हर्सचा गोलंदाज. पण एक मोठा फरक आहे. जसप्रीत बुमरा सुरुवातीला दोन षटकं टाकून शेवटी पुन्हा येऊ शकतो. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. त्यामुळे क्लोजरला हातात येतात ती मोजकी १५-२० मिनिटं. त्यात चूक झाली तर ती सुधारायला दुसरा स्पेल नसतो. आणि संघ हरत असेल किंवा मोठ्या फरकाने जिंकत असेल, तर बहुतेक वेळा तो बाकावर बसूनच राहतो.

इथेच मोजमापाचा पेच सुरू होतो. चांगला स्टार्टर एका हंगामात १७०-२०० इनिंग टाकतो, क्लोजर जेमतेम ६०-७०. मग दोघांना एकाच तराजूत कसं तोलायचं?

वॅग्नर कुठून आला?

बिली वॅग्नरचा जन्म १९७१ मध्ये अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील डोंगराळ नैर्ऋत्य भागात झाला. घरची परिस्थिती हलाखीची होती. आई-वडील विभक्त झाल्यानंतर तो वेगवेगळ्या नातेवाईकांकडे राहिला आणि त्यामुळे शाळाही वारंवार बदलत राहिली.

तो जन्मतः उजव्या हाताचा. लहानपणी खेळताना त्याचा उजवा हात मोडला. बरा होतो न होतो तोच पुन्हा मोडला. हात प्लास्टरमध्ये असताना तो डाव्या हाताने चेंडू फेकू लागला आणि तीच सवय पुढे कायम राहिली. आजही तो लिहितो उजव्या हाताने. मात्र ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर वेगाचे चेंडू त्याने टाकले ते डाव्या हाताने.

त्याची उंची जेमतेम पाच फूट दहा इंच. वेगवान पिचर म्हणजे सव्वासहा फुटी धिप्पाड माणूस, असं समीकरण असलेल्या खेळात ही उंची कमीच. मोठ्या विद्यापीठाच्या संघातही तो नव्हता. फेरम कॉलेज या छोट्या महाविद्यालयाकडून तो खेळला. तिथे त्याने फलंदाजांना बाद करण्याचा असा सपाटा लावला की १९९३ च्या ड्राफ्टमध्ये ह्युस्टन अ‍ॅस्ट्रोजने त्याला पहिल्याच फेरीत, एकूण १२ व्या क्रमांकावर घेतलं. सप्टेंबर १९९५ मध्ये तो मेजर लीगमध्ये पहिल्यांदा उतरला. सुरुवातीला त्याला स्टार्टर म्हणून तयार केलं जात होतं. पुढे संघाने त्याला शेवटच्या इनिंगचं काम दिलं आणि मग तीच त्याची ओळख झाली.

अ‍ॅस्ट्रोजनंतर तो फिलाडेल्फिया फिलीज आणि मग न्यूयॉर्क मेट्सकडून खेळला. मेट्सने त्याच्याशी चार वर्षांसाठी ४ कोटी ३० लाख डॉलरचा करार केला होता. सात वेळा तो ऑल-स्टार संघात निवडला गेला.

३७ व्या वर्षी कोपराची शस्त्रक्रिया, तरी पुनरागमन?

२००८ च्या उन्हाळ्यात वॅग्नरच्या डाव्या कोपराने दगा दिला. सप्टेंबरमध्ये त्याच्यावर ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया झाली. कोपराच्या आतल्या बाजूचा फाटलेला अस्थिबंध काढून शरीराच्या दुसऱ्या भागातील स्नायुबंध तिथे बसवायचा, असं या शस्त्रक्रियेचं स्वरूप असतं. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी ती पहिल्यांदा टॉमी जॉन या पिचरवर केली. तेव्हापासून तिला त्याचंच नाव पडलं.

या शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला सहसा वर्ष-दीड वर्ष लागतं. वॅग्नर तेव्हा ३७ वर्षांचा होता. या वयात बहुतेक पिचर सन्मानाने निरोप घेतात. तो मात्र अकरा महिन्यांत परतला. ऑगस्ट २००९ मध्ये मेट्सकडून दोन सामने खेळला आणि लगेचच मेट्सने त्याला बोस्टन रेड सॉक्सकडे सोपवलं. तिथे तो क्लोजर नव्हता. ती जागा दुसऱ्याची होती. बोस्टनकडून १५ सामन्यांत मिळेल ती इनिंग टाकून त्याने एवढंच सिद्ध केलं की हात अजून शाबूत आहे.

या पुनरागमनाच्या जोरावर अटलांटा ब्रेव्जने त्याला २०१० साठी करारबद्ध केलं. हंगामाच्या सुरुवातीलाच, एप्रिलअखेरीस, वॅग्नरने जाहीर करून टाकलं की हे आपलं शेवटचं वर्ष. त्यानंतर त्याने काय केलं ते पाहा:

• ६९.१ इनिंगमध्ये (म्हणजे ६९ पूर्ण आणि एक तृतीयांश) १०४ फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं.

• ३७ सेव्ह. याच हंगामात, जूनमध्ये, ४०० व्या सेव्हचा टप्पा पार.

• ईआरए १.४३. ईआरए म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर पडलेल्या धावा. आकडा जितका कमी, तितका पिचर चांगला. वॅग्नरच्या सोळा हंगामांतील हा सर्वोत्तम ईआरए होता.

म्हणजे कारकिर्दीतलं सर्वात चांगलं वर्ष आणि कारकिर्दीतलं शेवटचं वर्ष एकच.

शेवट मात्र चित्रपटासारखा झाला नाही. ऑक्टोबरमध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सविरुद्धच्या प्लेऑफ मालिकेत, दुसऱ्याच सामन्यात, त्याच्या बरगडीखालचा स्नायू दुखावला आणि त्याला मैदान सोडावं लागलं. ब्रेव्ज ती मालिका हरले. वॅग्नर पुन्हा कधी मेजर लीगमध्ये चेंडू टाकायला उतरला नाही.

एवढं चांगलं चाललं असताना थांबला का?

कारण साधं होतं. घरी चार मुलं होती आणि ती वाढत होती. मेजर लीगच्या एका हंगामात १६२ सामने असतात. त्यातले निम्मे दुसऱ्या शहरांत. फेब्रुवारीच्या सराव शिबिरापासून ऑक्टोबरपर्यंत खेळाडू जवळजवळ घराबाहेरच असतो. आपल्या निर्णयामागे कुटुंब आहे, हे वॅग्नरने उघडपणे सांगितलं होतं. २०११ साठी आणखी एका वर्षाची तरतूद त्याच्या करारात होती आणि तिची रक्कम लाखो डॉलरमध्ये होती. त्याने ती सोडली.

त्याच्या जागी ब्रेव्जने क्रेग किम्ब्रेल या तरुणाला क्लोजर केलं. किम्ब्रेलने २०११ मध्ये ४६ सेव्ह केले आणि नवोदित खेळाडूचा पुरस्कार पटकावला. क्लोजरच्या पेशाचं एक कटू सत्य यातून दिसतं. इतिहासातील सर्वोत्तमांपैकी एक निघून गेला आणि सहा महिन्यांत ती जागा भरलीसुद्धा. क्लोजर सहज बदलता येतो, असं मानणाऱ्यांना असंच उदाहरण हवं असतं. हॉल ऑफ फेमच्या मतदारांमध्येही असं मानणारे कमी नव्हते.

हॉल ऑफ फेमची दारं इतकी वर्षं बंद का राहिली?

न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या छोट्या गावात बेसबॉलचं हॉल ऑफ फेम आहे. तिथे निवड होण्याचे मुख्य नियम असे आहेत. खेळाडू किमान दहा हंगाम खेळलेला हवा. निवृत्त होऊन पाच वर्षं झालेली हवीत. मग बेसबॉल पत्रकारांच्या संघटनेचे ज्येष्ठ सदस्य मतदान करतात आणि ७५ टक्के मतं मिळाली तरच प्रवेश मिळतो. पाच टक्क्यांपेक्षा कमी मतं पडली तर नाव यादीतून कायमचं बाद. त्यापेक्षा जास्त पडत राहिली तर नाव जास्तीत जास्त दहा वर्षं यादीत राहतं.

वॅग्नरचं नाव २०१६ मध्ये पहिल्यांदा यादीत आलं. पुढचा प्रवास असा झाला:

• २०१६ : १०.५ टक्के

• २०१७ : १०.२ टक्के

• २०१८ : ११.१ टक्के

• २०१९ : १६.७ टक्के

• २०२० : ३१.७ टक्के

• २०२१ : ४६.४ टक्के

• २०२२ : ५१ टक्के

• २०२३ : ६८.१ टक्के

• २०२४ : ७३.८ टक्के (फक्त पाच मतं कमी पडली)

• २०२५ : ८२.५ टक्के (३९४ पैकी ३२५ मतं)

त्याच्याविरुद्ध दोन मुद्दे होते. पहिला, काम कमी. १६ हंगामांत मिळून त्याने टाकल्या ९०३ इनिंग. आज हॉल ऑफ फेममध्ये असलेल्या पिचरमध्ये हा सर्वात कमी आकडा आहे. क्लोजरमधला सर्वश्रेष्ठ मानला जाणारा मारियानो रिव्हेरा जवळपास १,२८४ इनिंग खेळला आणि त्याने ६५२ सेव्ह केले. ट्रेव्हर हॉफमनचे सेव्ह ६०१. त्यांच्यापुढे ४२२ फिका वाटायचा. वॅग्नरने आणखी तीन-चार वर्षं रेटून खेळून काढली असती, तर हा आक्षेप बोथट झाला असता. थांबण्याची किंमत ती हीच.

दुसरा मुद्दा प्लेऑफचा. मोठ्या सामन्यांत वॅग्नर अपयशी ठरला. पोस्टसीझनमधील ११.२ इनिंगमध्ये त्याचा ईआरए १०.०३ होता. रिव्हेराची ख्याती नेमकी याच सामन्यांमुळे झाली. वॅग्नरच्या चाहत्यांकडे या आकड्याला फारसं उत्तर नाही. कारकिर्दीच्या तुलनेत इनिंग अगदी थोड्या आहेत, एवढंच ते सांगू शकतात.

मग बदललं काय?

आकडे तेच राहिले. बदलली ती मोजपट्टी. त्यामागे दोन कारणं दिसतात.

एक कारण व्यवहाराचं आहे. मतदाराला एका मतपत्रिकेवर जास्तीत जास्त दहाच नावं निवडता येतात. २०१६ च्या सुमारास यादीत दिग्गजांची गर्दी होती. त्यातच उत्तेजक द्रव्यांच्या वादात अडकलेले बॅरी बाँड्स आणि रॉजर क्लेमेन्स वर्षानुवर्षं यादीत राहिले. अनेक मतदार त्यांना मत देत, अनेक देत नसत, पण जागा मात्र अडलेली असे. २०२२ मध्ये दोघांची दहा वर्षांची मुदत संपली. गर्दी ओसरत गेली तशी वॅग्नरसाठी मतपत्रिकेवर जागा झाली.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. ‘किती खेळला’ याबरोबरच ‘जेवढा खेळला, त्यात काय केलं’ हा प्रश्न नव्या पिढीचे मतदार विचारू लागले. त्या कसोटीवर वॅग्नरच्या आसपास फार कमी जण टिकतात. सामना केलेल्या फलंदाजांपैकी ३३.२ टक्के फलंदाजांना त्याने स्ट्राइकआउट केलं. किमान ९०० इनिंग टाकलेल्या पिचरमध्ये त्याच्या निवडीपर्यंत हा उच्चांक होता. त्याच्याविरुद्ध फलंदाजांची सरासरी होती .१८७, म्हणजे हजार संधींमध्ये केवळ १८७ हिट. कारकिर्दीचा ईआरए २.३१. रिव्हेराचा २.२१. म्हणजे प्रत्येक चेंडूच्या गुणवत्तेत तो सर्वश्रेष्ठाच्या अगदी जवळ उभा होता. फरक होता तो चेंडूंच्या संख्येत.

सेव्हच्या आकड्याचं महत्त्व कसं उतरलं, हे जॉन फ्रँकोकडे पाहिलं की कळतं. डावखुऱ्यांमध्ये ४२४ सेव्हचा विक्रम त्याचा. पण २०११ मध्ये त्याचं नाव हॉल ऑफ फेमच्या यादीत आलं तेव्हा त्याला मिळाली ४.६ टक्के मतं. पहिल्याच वर्षी तो यादीबाहेर गेला. म्हणजे ज्या विक्रमाच्या दोन पावलं अलीकडे वॅग्नर थांबला, तो विक्रम ज्याच्याकडे आहे त्याला दुसरी संधीही मिळाली नाही. वॅग्नरने विक्रमासाठी आणखी एक वर्ष काढलं असतं आणि थकलेल्या हाताने धावा दिल्या असत्या, तर ज्या सरासरीने त्याला आत नेलं तीच बिघडली असती, असाही युक्तिवाद करता येतो. पण तो आज. २०१६ मध्ये कोणी तो फारसा ऐकून घेत नव्हतं.

२७ जुलै २०२५ रोजी कूपर्सटाउनमध्ये इचिरो सुझुकी आणि सीसी सबाथिया यांच्यासोबत वॅग्नरचा गौरव झाला. हॉल ऑफ फेममधला तो पहिला डावखुरा रिलीव्हर. डेनिस एकर्सलीला रिलीव्हर धरलं तर वॅग्नर नववा ठरतो. एकर्सलीने अर्धी कारकीर्द स्टार्टर म्हणून काढली असल्याने काही जण त्याला वगळून वॅग्नरला आठवा म्हणतात. त्यानंतर ऑगस्टमध्ये अ‍ॅस्ट्रोजने त्याचा १३ क्रमांक निवृत्त केला. म्हणजे यापुढे त्या संघात १३ नंबरची जर्सी कोणालाही मिळणार नाही.

मधल्या पंधरा वर्षांत तो काय करत होता?

दूरचित्रवाणीवर समालोचन किंवा मोठ्या संघाचं प्रशिक्षकपद, ही माजी स्टार खेळाडूंची नेहमीची वाट. वॅग्नरने ती धरली नाही. तो व्हर्जिनियात परतला आणि शार्लट्सव्हिलजवळच्या ‘मिलर स्कूल ऑफ अल्बमार्ल’ या छोट्या शाळेच्या बेसबॉल संघाचा प्रशिक्षक झाला. शाळेतली मुलं, त्यांचे पालक, बसचा प्रवास, मैदानाची निगा, असं ते काम. त्याच्या हाताखाली या संघाने राज्यपातळीवर विजेतेपदं मिळवली. नैर्ऋत्य व्हर्जिनियातील गरजू विद्यार्थ्यांना अभ्यासात आणि पुढच्या वाटचालीत मदत करणाऱ्या ‘सेकंड चान्स लर्निंग सेंटर’ या उपक्रमाच्या स्थापनेतही त्याचा वाटा होता. लहानपणी शाळा बदलत वाढलेल्या माणसाने ही निवड करावी, हे समजण्यासारखं आहे.

याच शाळेत त्याचा मुलगा विल वॅग्नरही घडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विलने टोरंटो ब्लू जेजकडून मेजर लीगमध्ये पदार्पण केलं आणि पहिल्याच सामन्यात तीन हिट मारल्या. पुढे तो सॅन डिएगो पाद्रेसकडे गेला. २०१० मध्ये वडील घरी परतले तेव्हा विल बारा वर्षांचा होता.

सगळ्या रिलीव्हरचा शेवट असाच होतो का?

अजिबात नाही. स्वतःच्या मर्जीने थांबता येणं ही चैन आहे आणि ती फार थोड्यांना परवडते.

मारियानो रिव्हेराचं उदाहरण वरच्या टोकाचं. मे २०१२ मध्ये सरावात चेंडू पकडताना त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. वय ४२. पण जखमी अवस्थेत निरोप घ्यायचा नाही, असं त्याने ठरवलं. २०१३ मध्ये तो परतला, ४४ सेव्ह केले आणि मगच निवृत्त झाला. २०१९ मध्ये पहिल्याच मतदानात त्याला १०० टक्के मतं पडली. आजवर असा मान मिळालेला तो एकमेव खेळाडू आहे.

डॅनियल बार्डची गोष्ट वेगळी. बोस्टनचा हा वेगवान रिलीव्हर अचानक चेंडूवरचं नियंत्रण हरवून बसला. २०१३ नंतर त्याला मेजर लीगमध्ये जागा मिळाली नाही. २०१७ मध्ये त्याने खेळ सोडला आणि अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्स संघात तरुण खेळाडूंना मानसिक आधार देण्याचं काम पत्करलं. इतरांना समजावता समजावता त्याचाच चेंडू पुन्हा नीट पडू लागला. २०२० मध्ये तो कोलोरॅडो रॉकीजकडून परतला आणि पुनरागमनाचा पुरस्कार त्याने जिंकला. २०२२ मध्ये त्याने ३४ सेव्ह केले. २०२३ मध्ये त्रास पुन्हा डोकावला, तेव्हा चिंताविकारामुळे आपण काही काळ बाजूला होत आहोत, असं त्याने स्पष्ट सांगितलं. खेळाडूने असं उघडपणे म्हणणं आजही सोपं नाही.

आणि भारताशी थेट नातं असलेलं उदाहरण म्हणजे रिंकू सिंग. आयपीएलमधला षटकारवीर नव्हे, हा दुसरा. उत्तर प्रदेशातील या भालाफेकपटूने २००८ मध्ये ‘मिलियन डॉलर आर्म’ ही स्पर्धा जिंकली. दिनेश पटेलसह त्याला पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये करार मिळवणारे हे पहिले भारतीय. २०१४ मध्ये त्यांच्यावर डिस्नेने चित्रपटही काढला. दिनेश दोनच वर्षांत मायदेशी परतला. रिंकू डावखुरा रिलीव्हर म्हणून मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या श्रेणीत, खेळत राहिला. पण दुखापतींनी त्याचे हंगामच्या हंगाम खाल्ले आणि मेजर लीगचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. २०१८ मध्ये तो डब्ल्यूडब्ल्यूईत गेला आणि ‘वीर महान’ या नावाने प्रसिद्ध झाला. २०२४ मध्ये ते पर्वही संपलं. २०२५ मध्ये वृंदावनात प्रेमानंद महाराजांच्या आश्रमात सेवा करतानाचे त्याचे व्हिडिओ व्हायरल झाले, ते तुमच्याही फीडमध्ये आले असतील.

मेजर आणि मायनरमधली दरी किती मोठी?

खेळाडूचं निवृत्तीनंतरचं आयुष्य बरंचसं या दरीवर ठरतं. मेजर लीगमध्ये केवळ ४३ दिवस संघात राहिलेला खेळाडूही निवृत्तिवेतनाला पात्र ठरतो. दहा वर्षं पूर्ण केली तर पूर्ण निवृत्तिवेतन मिळतं. २०२५ मध्ये मेजर लीगचा किमान वार्षिक पगार ७ लाख ६० हजार डॉलर होता.

मायनर लीगमध्ये वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या खेळाडूला ही सोय नाही. २०२३ पर्यंत तिथल्या सर्वात वरच्या श्रेणीतही हंगामाचा किमान पगार १७,५०० डॉलर होता. अमेरिकेत त्यात वर्ष काढणं कठीण. खेळाडू हंगाम संपल्यावर दुसरी कामं करत, एकाच घरात पाच-सहा जण राहत. २०२२ मध्ये मायनर लीगचे खेळाडू कामगार संघटनेत सामील झाले आणि पुढच्याच वर्षी झालेल्या करारात हा आकडा ३५,८०० डॉलरवर गेला. दुप्पट झाला, तरी मेजर लीगच्या किमान पगाराच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी.

वॅग्नर शाळेत मुलांना शिकवायला जाऊ शकला, कारण त्याआधी त्याने कोट्यवधी डॉलर कमावले होते. त्यामुळे त्याच्या निर्णयाचं मोल कमी होत नाही. पण ‘योग्य वेळी थांबावं’ हा सल्ला देताना हा हिशेब विसरता येत नाही. बहुतेक रिलीव्हरच्या बाबतीत थांबण्याची वेळ ते स्वतः ठरवत नाहीत. एक दिवस व्यवस्थापकाच्या खोलीत बोलावणं येतं आणि करार संपल्याचं सांगितलं जातं. वय असतं २६-२७. हातात पदवी नसते आणि कोपरावर शस्त्रक्रियेची खूण असते.

यापुढे काय?

वॅग्नरच्या निवडीमुळे रिलीव्हरसाठी दार किती उघडलं, हे लगेच सांगता येणार नाही. ४३७ सेव्ह करणारा, म्हणजे वॅग्नरपेक्षा पुढे असणारा फ्रान्सिस्को रॉड्रिगेझ २०२५ च्या मतदानात दहा टक्क्यांच्या आसपासच अडकला. म्हणजे केवळ सेव्ह मोजून आता कोणी आत जाणार नाही. उलट, कमी इनिंग असूनही अव्वल दर्जाचं काम केलेल्यांना वॅग्नरचा दाखला देता येईल. किम्ब्रेल, आरोल्डिस चॅपमन आणि केन्ली जॅन्सन यांच्या पिढीची पाळी येईल, तेव्हा मतदारांसमोर ९०३ इनिंगचं हे उदाहरण असेल.

आपल्याकडेही हा वाद लवकरच रंगणार आहे. टी-ट्वेंटीत चार षटकांपुरतं उतरणारे, कसोटी फारशी न खेळलेले तज्ज्ञ गोलंदाज निवृत्त होतील तेव्हा त्यांना ‘महान’ म्हणायचं की नाही, हे एकूण बळींवरून ठरवायचं की टाकलेल्या चेंडूंच्या दर्जावरून? बेसबॉलला या प्रश्नाचं एक उत्तर शोधायला दहा वर्षं लागली आणि तेसुद्धा मुदत संपण्याच्या शेवटच्या वर्षी सापडलं. वॅग्नर त्या काळात मिलर स्कूलच्या मैदानावर मुलांना चेंडू कसा पकडायचा ते शिकवत होता. जॉन फ्रँकोचा ४२४ चा विक्रम अजूनही अबाधित आहे.